चाळ मोजता येते, पण तिचा काळ?

ऑगस्ट 2025मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 556 कुटुंबांना टॉवरमधल्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. डिलाईल रोड आणि नायगावच्या चाळीही त्याच वाटेवर आहेत. तिथल्या एका वाचकाने विचारलं आहे: पाडण्याआधी आमची चाळ संगणकात जशीच्या तशी जपता येईल का?

मोजता नक्की येईल. खोलीच्या मध्यावर स्टँड लावून त्यावर लेझर स्कॅनर बसवतात. तो फिरत फिरत प्रकाशाचे ठोके सोडतो. भिंत 3 मीटरवर असेल, तर ठोका जाऊन परत यायला 20 नॅनोसेकंद लागतात. वेळेवरून अंतर कळतं, अंतरावरून बिंदू मिळतो. असे कोट्यवधी बिंदू जमले की 160 चौरस फुटांची खोली, मोरीचा कठडा, जिन्याची मधोमध झिजलेली पायरी पडद्यावर ठिपक्यांच्या रांगोळीसारखी उमटते.

लेझर परवडत नसेल तर फोटोही चालतात. ही युक्ती संगणकाच्या कितीतरी आधीची. 1858 साली जर्मनीत वेट्झलारच्या कॅथीड्रलची मापं घेताना आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हा तरुण उंचावरून पडता पडता वाचला. जीव धोक्यात घालून भिंतीवर चढायचं कशाला, मापं फोटोवरूनच काढू, असं त्याच्या मनाने घेतलं. 1885मध्ये बर्लिनला त्यासाठी सरकारी संस्था उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या इमारती पुन्हा उभारताना तिच्या संग्रहातले फोटो कामी आले.

पण स्कॅन म्हणजे एका दिवसाची चाळ. शंभर वर्षांत तिथे पोटमाळे चढले, खिडक्यांना ग्रिल लागल्या, पॅसेजमध्ये कपाटं आली. हा बदल दाखवायला अ‍ॅनिमेशन लागतं, आणि इथे मला दादासाहेब फाळके आठवतात. ‘राजा हरिश्चंद्र’ दादरला घडला आणि 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्याआधी, 1912 साली, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा रोखला आणि ठरावीक अंतराने एकेक फ्रेम घेत महिनाभराची वाढ पडद्यावर क्षणात दाखवली. हेच फाळके बडोद्याच्या कलाभवनात वास्तुकलाही शिकले होते. आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीबद्दल त्यांना अहमदाबादच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं होतं. 1903मध्ये त्यांनी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरीही केली. वास्तू, कॅमेरा आणि सावकाश सरणारा काळ या तिन्हींची जाण एकाच माणसात होती. चित्रपटाचे जनक म्हणून आपण त्यांना डोक्यावर घेतलं, पण त्यांच्यातल्या प्रयोगशील वैज्ञानिकाची दखल पुरेशी घेतली नाही.

चाळीचं अ‍ॅनिमेशन वाटाण्याच्या वाटेने जायला हवं: बांधकाम, वस्ती, डागडुजी, पडझड, एकापुढे एक. अडचण अशी, की वाटाण्याची प्रत्येक फ्रेम खरी होती. चाळीच्या बऱ्याच फ्रेम मात्र जुने नकाशे, फोटो आणि रहिवाशांच्या आठवणींवरून रचाव्या लागतील. म्हणून मोजलेला भाग आणि अंदाजाने भरलेला भाग प्रेक्षकाला वेगळा ओळखू आला पाहिजे. वारसावास्तूंच्या संगणकीय चित्रणासाठी केलेल्या ‘लंडन चार्टर’चाही आग्रह हाच आहे. ओल नसलेल्या भिंती आणि रिकामे, चकचकीत पॅसेज दाखवणाऱ्या फितीला ‘डिजिटल जतन’ म्हणायला मी तयार नाही. ती जाहिरात झाली.

तेव्हा खोली रिकामी करण्याआधी फोन हातात घ्या. जिना, पॅसेज, मोरी, संडास यांचे फोटो काढा. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निम्म्याहून जास्त भाग येऊ द्या आणि काही फोटोंत मोजपट्टी ठेवा. इमारत, मजला, खोली नंबर, तारीख लिहून ठेवा. लग्नाच्या जुन्या अल्बममध्ये वऱ्हाडाच्या मागे पॅसेज दिसत असेल, तर तो फोटोही स्कॅन करून घ्या.