दिंडीची ट्रॉली बांधताय? आधी वजन धरा, मग माप आणि खर्च

आषाढी वारी जवळ आली की गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांसमोर ट्रॉल्या लागायला सुरुवात होते. ऊस, खत, कडबा वाहिलेली ट्रॉली धुऊन घ्यायची, वर पाईपचा सांगाडा चढवायचा, ताडपत्री ओढायची, की झालं दिंडीचं चाकावरचं घर. आळंदी-देहूहून निघालेल्यांचा अठरा-वीस दिवस आणि लांबून येणाऱ्यांचा महिनाभर संसार त्यातच असतो. सामान, शिधा, भांडी तिथेच, आणि रात्री काही जणांची झोपही तिथेच.

ट्रॉली बांधताना बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न असतो, "किती मोठी करायची?" दुसरा, "खर्च किती येईल?" वजनाचं मात्र कुणी विचारत नाही. खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी. वजन ठरलं की माप आणि खर्च आपोआप ठरतात. आणि घाटात ट्रॉली उलटते तीही वजनामुळेच.

माप: पाईप आणि पत्रा ज्या लांबीत मिळतो, त्यावरून ठरवा

अमेरिकेत १९३० च्या दशकापासून हौशी लोक घरच्या घरी झोपायचे छोटे ट्रेलर बनवत आले आहेत. पाण्याच्या थेंबासारखा आकार, आत दोन माणसांपुरती जागा आणि वजन बहुधा ५०० किलोच्या आसपास. त्यांची लांबी-रुंदी पुष्कळदा ८ फूट बाय ४ फूट असते. कारण साधं आहे. प्लायवूडचा ताव त्याच मापाचा मिळतो. कापाकापी कमी, वाया जाणं कमी. आपल्याकडेही प्लायवूड ८ बाय ४ च मिळतं, म्हणून हीच युक्ती आपल्या ट्रॉलीलाही लागू पडते.

आपल्याकडे सांगाडा लोखंडी चौकोनी पाईपचा असतो. पाईपचा एक नग ६ मीटरचा, म्हणजे १९ फूट ८ इंचांचा येतो. समजा ट्रॉली १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद आहे. मग ४० बाय ४० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा पाईप घेऊन हिशेब असा बसतो:

- उभे खांब ८. एका नगातून ४ फूट ११ इंचांचे चार खांब निघतात. लागले २ नग.
- लांबीच्या आडव्या पट्ट्या ५ : वर दोन, आढ्याला एक, मधोमध दोन्ही बाजूंना एकेक. प्रत्येक १२ फुटांची. लागले ५ नग.
- या ५ नगांतून प्रत्येकी साडेसात फुटांपेक्षा मोठा तुकडा उरतो. त्यातल्या चार तुकड्यांच्या छपराच्या कैच्या होतात, पाचवा पुढच्या बाजूला आडवा जातो.
- तिरपे आधार ४. लागला १ नग.

एकूण ८ नग. वाया जवळजवळ काहीच नाही.

खांब ४ फूट ११ इंचांचे का, सहा फुटांचे का नाहीत? अर्धा फूट फाळक्याच्या सॉकेटमध्ये जातो, वर साडेचार फूट राहतो. त्यावर कैचीचा उतार जवळपास पावणेदोन फूट चढतो. म्हणजे मधोमध सव्वासहा फूट उंची मिळते, माणूस उभा राहतो. कडेला उभं राहता येत नाही, पण कडेला झोपायचंच असतं. ट्रॉलीचं तळ जमिनीपासून चार फुटांच्या आसपास धरलं, तर शेंडा साडेदहा फुटांच्या आत राहतो. खांब दीड फुटाने वाढवले की शेंडा बारा फुटांवर जातो. मग गावातल्या लोंबत्या तारा आणि वडा-पिंपळाच्या फांद्या आडव्या येतात.

झोपायच्या जागेचं गणितही सोपं आहे. सहा फूट रुंदीत माणसं आडवी झोपली आणि एकाला दोन फूट जागा दिली, तर बारा फुटांत सहा जण मावतात. तेही सामान खाली उतरवल्यावर. बाकीच्यांसाठी राहुटी किंवा तंबू लागणारच.

वजन: नेमकं वाढतं कुठे?

वर सांगितलेल्या पाईपचं वजन मीटरला २.४ किलोच्या जवळ भरतं. एक नग सव्वाचौदा किलोचा. आठ नगांचा सांगाडा ११५ किलो. इथपर्यंत ठीक आहे.

खरा फरक पडतो तो झाकायला काय वापरतो त्याने. छप्पर, दोन्ही बाजू, पुढचं-मागचं मिळून सुमारे २५७ चौरस फूट झाकायचं असतं.

- १ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा लावला तर वजन सुमारे १८८ किलो.
- अर्धा मिलिमीटरचा पत्रा लावला तर ९४ किलो.
- १२ मिलिमीटरचं प्लायवूड लावलं तर पावणेदोनशे ते दोनशे किलो.
- प्लास्टिकची २५० जीएसएमची ताडपत्री, दुमडीसकट ३०० चौरस फूट धरली, तरी ७ किलो.

सुती ताडपत्रीही चालते, पण ती मुळातच जड असते आणि पावसात पाणी पिऊन आणखी जड होते.

काही ठिकाणी पत्र्याच्या जोडीला वर झोपायला माळाही घालतात. ७२ चौरस फुटांच्या माळ्याला १८ मिलिमीटर प्लायवूड आणि दोन नग पाईप धरले तर शंभर किलोच्या वर वजन जातं. त्यावर ६० किलोची सहा माणसं झोपली की आणखी ३६० किलो, आणि तेही जमिनीपासून सहा-सात फुटांवर.

आता आतल्या सामानाचा हिशेब. ४० माणसांची दिंडी आणि १८ दिवस धरू.

- माणशी १२ किलो बोजा-वळकटी : ४८० किलो
- माणशी रोज ४०० ग्रॅम धान्य-डाळ : २८८ किलो
- भांडी, पातेली, परात : १५० किलो
- चार भरलेले घरगुती सिलिंडर : सुमारे १२० किलो
- तंबू, राहुट्या : १०० किलो
- जनरेटर, दिवे, वायर : ५० किलो
- ५०० लिटर पाणी : ५०० किलो

सांगाडा आणि ताडपत्रीसकट बेरीज होते १,८१० किलो. यात ट्रॉलीचं स्वतःचं वजन धरलेलं नाही. ते दीड टन असेल तर मागे सव्वातीन टनांच्या वर ओझं झालं. पुढचा ४५-५० हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर स्वतः दोन टनांच्या आसपास असतो. थोडक्यात, ओढणाऱ्यापेक्षा मागचं जड.

या यादीत सगळ्यात मोठा बोजा पाण्याचा आहे, चौथ्या हिश्शाहून जास्त. गावातून निघतानाच टाकी भरून घ्यायची सवय असते. मुक्कामाच्या ठिकाणी टँकरचं पाणी मिळणार असेल तर रस्त्याला पिण्यापुरतं, शंभर लिटर पाणी पुरतं. एकदम ४०० किलो कमी होतात, तेही एक रुपया खर्च न करता. आणि अर्धी भरलेली मोठी टाकी सगळ्यात वाईट. वळणावर आतलं पाणी एका बाजूला धावतं आणि ट्रॉलीला ढकलतं.

उलटते का? उंचीवरच्या ओझ्यामुळे

कडब्याने शिगोशीग भरलेली गाडी बांधाच्या उताराला कशी कलते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. ट्रॉलीच्या दोन्ही चाकांत पाच फुटांचं अंतर आहे असं धरू. सगळ्या वजनाचा मध्य जमिनीपासून ४ फुटांवर असेल, तर उभी ट्रॉली साधारण ३२ अंश कलल्यावर पडते. तोच मध्य ५ फुटांवर गेला तर २७ अंशांतच पडते. हे झालं उभ्या ट्रॉलीचं. चालत्या ट्रॉलीला वळण, खड्डा, साइडपट्टीची खचलेली माती आणि वेग या चारही गोष्टी मिळतात, आणि ती त्याच्या किती तरी आधी पडू शकते.

म्हणून जड ते खाली आणि हलकं ते वर. धान्याची पोती, सिलिंडर, भांडी तळाला. वळकट्या वर. दोन चाकी ट्रॉलीत जड सामान एक्सलच्या किंचित पुढे ठेवा. मागे जास्त गेलं तर ट्रॅक्टरचं मागचं चाक हलकं होऊन घसरतं. फारच पुढे आलं तर चढाला ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचलतं.

मुक्कामाला दोन चाकी ट्रॉली सोडून ठेवताना पुढे मजबूत स्टँड आणि मागे दोन टेकू हवेतच. नाहीतर रात्री दोन-तीन माणसं एकदम मागच्या बाजूला चढली की पुढची दांडी वर उडते. चाकाखाली दगड किंवा लाकडी ठोकळे दोन्ही बाजूंनी लावा.

ब्रेकचं काय?

आपल्याकडच्या बहुतेक गावठी ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. थांबवायचं सगळं काम ट्रॅक्टर करतो. सपाटीला हे चालून जातं. उताराला मागचे सव्वातीन टन ट्रॅक्टरला ढकलायला लागतात. दिवेघाट पुण्याकडून सासवडला जाताना चढायचा असतो, पण परत त्याच वाटेने आलं तर तो उतरायचा असतो आणि तेव्हा ड्रायव्हर अठरा दिवसांचा दमलेला असतो. उतार सुरू व्हायच्या आधीच लहान गिअर टाका, मधे गिअर बदलू नका आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल तर अजिबात करू नका. ट्रॅक्टरच्या दोन्ही ब्रेकचे पायडल एकत्र जोडलेले आहेत का, हे निघायच्या आधी बघा. शेतात वळायला ते सुटे केलेले असतात आणि रस्त्यावर तसेच राहिले तर एकाच चाकाला ब्रेक लागतो.

खर्च: किलो वाढला की रुपया वाढला

फॅब्रिकेशनवाला बहुधा किलोवर पैसे घेतो. म्हणजे जे वजनाला जड, ते खिशालाही जड. खालचे भाव फक्त हिशेब समजण्यासाठी धरलेत. आपल्या तालुक्याचा आजचा भाव घालून पुन्हा मांडून घ्या. पाईप ७० रुपये किलो, पत्रा ८० रुपये किलो, मजुरी २५ रुपये किलो, ताडपत्री ६ रुपये चौरस फूट, प्लायवूडचा ताव २,५०० रुपये असं धरलं आहे.

साधी ट्रॉली : सांगाडा मजुरीसह १०,९२५ रुपये, ताडपत्री १,८०० रुपये, नट-बोल्ट, रंग, रिफ्लेक्टर २,००० रुपये. एकूण १४,७२५ रुपये. वाढलेलं वजन १२२ किलो.

पत्रा आणि माळ्याची ट्रॉली : सांगाडा तोच १०,९२५, पत्रा मजुरीसह १९,७४०, माळा १०,२५५, किरकोळ २,०००. एकूण ४२,९२० रुपये. वाढलेलं वजन ४१० किलो.

वजन तिपटीच्या वर आणि खर्च जवळजवळ तिप्पट. मिळालं काय? वर झोपायला सहा जागा, आणि त्या जागांनीच ट्रॉली डोईजड केली. त्या २८,००० रुपयांतून राहुट्या घेतल्या तर त्याहून जास्त माणसं जमिनीवर निवांत झोपतात. भिशीचे पैसे सगळ्यांचे असतात, तेव्हा हा हिशेब दिंडीच्या बैठकीत मांडायला हरकत नाही.

सांगाडा ट्रॉलीला कायमचा वेल्ड करू नका, बोल्टने कसा. वारीहून आल्यावर तो उतरवून पुढच्या वर्षासाठी ठेवता येतो आणि ट्रॉली पुन्हा शेतीच्या कामाला मोकळी होते. शिवाय नोंदणी झालेल्या वाहनात कायमचा बदल करायला आरटीओची परवानगी लागते.

चालत्या ट्रॉलीत माणूस नको

पाय सुजले, ताप आला की म्हाताऱ्या माणसांना "बसा आजी ट्रॉलीत" म्हणतात. भावना चांगली आहे, पण ट्रॉली माणसं वाहण्यासाठी नाही. काही झालं तर विम्याची भरपाई अडते आणि ते ओझं ट्रॅक्टरमालकाच्या अंगावर येतं. खचाखच सामानात बसलेल्या माणसाला उलटताना उडी मारायलाही जागा नसते. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी जीप ठरवा किंवा एसटीने पुढच्या मुक्कामी पाठवा. पत्र्याचे वाचलेले पैसे इथे कामी येतात.

निघण्याआधी एवढं करा

- भरलेली ट्रॉली एकदा बाजार समितीच्या किंवा कारखान्याच्या वजनकाट्यावर घ्या. शे-दोनशे रुपयांची पावती सगळ्या अंदाजांपेक्षा खरी.
- वजन ट्रॉलीच्या नोंदणी कागदावरच्या आकड्यात बसतंय का, ते ताडून बघा. बसत नसेल तर आधी पाणी कमी करा.
- मागे आणि दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टर लावा. ताडपत्री लोंबून ते झाकले जात नाहीत ना, हे बघा. मागचा दिवा चालू हवा.
- हुकाची पिन आणि तिची लॉकपिन नवी घाला. सोबत साखळीही बांधा.
- मुक्कामाला विजेच्या तारेखाली ट्रॉली लावू नका. सांगाडा लोखंडाचा आहे.
- स्वयंपाक बाहेर, जनरेटर लांब. माणसं झोपलेल्या बंद ट्रॉलीत सिलिंडर ठेवू नका.