नाण्यावरील साल आणि नाण्याचे वय

जुन्या परदेशी नाण्यांचा संग्रह हा आपल्याकडे बहुधा केवळ छंद म्हणून ओळखला जातो. आणि छंद म्हणून तो आनंददायक आहे, याविषयी दुमत नाही. तथापि नाण्याची ओळख पटविणे हा जो या छंदाचा कणा, त्याचे स्वरूप पाहू गेल्यास ते पाठचिकित्सेच्या फार जवळचे आहे असे दिसून येते. नाणे हा धातूवर उमटविलेला एक लघुलेख होय. त्यास भाषा आहे, लिपी आहे, संक्षेपांची रूढी आहे; आणि हस्तलिखिताप्रमाणेच त्याचा पाठ व त्याची प्रत या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पाठाचा काळ तोच प्रतीचा काळ, असे हस्तलिखितांचा कोणीही अभ्यासक मानीत नाही. नाण्यांच्या बाबतीत मात्र ही गफलत वारंवार होते. नाण्यावर कोरलेले साल हेच त्याच्या जन्माचे साल असे गृहीत धरून खरेदी-विक्री होते. प्रस्तुत लेखात या गृहीताची तपासणी एका जगप्रसिद्ध नाण्याच्या आधारे करावयाची आहे. ते नाणे म्हणजे ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचा चांदीचा थालर.

प्रथम नावाविषयी. बोहेमियातील योआखिम्स्टाल या खाणींच्या गावी १५२० च्या सुमारास चांदीची मोठी नाणी पाडली जाऊ लागली. जर्मन भाषेत ‘टाल’ म्हणजे खोरे. त्या गावचे नाणे ते योआखिम्स्टालर. पुढे पूर्वपद गळून नुसते ‘टालर’ किंवा ‘थालर’ उरले. डच ‘डाल्डर’, स्वीडिश ‘डालर’ आणि इंग्रजी ‘डॉलर’ ही याच शब्दाची रूपे होत. एका खोऱ्याचे नाव अशा रीतीने अर्ध्या जगाच्या चलनाचे नाव झाले.

आता नाण्याचा पाठ पाहू. पुरोभागी राणीचे अर्धचित्र असून भोवती लॅटिन संक्षेप आहेत. ते सोडवून वाचल्यास ‘मारिया थेरेसिया, देवाच्या कृपेने रोमनांची सम्राज्ञी, हंगेरी व बोहेमिया यांची राणी’ असा अर्थ होतो. पृष्ठभागी द्विमुखी गरुड, ऑस्ट्रिया, बर्गंडी व टिरोल येथील पदव्या आणि १७८० हे साल आहे. कडेवर ‘न्याय आणि दया’ या अर्थाचे लॅटिन बोधवाक्य उठावाने उमटविलेले असते. ते केवळ शोभेसाठी नव्हे. कड कातरून चांदी काढून घेण्याची जी जुनी लबाडी, तिला त्यामुळे आळा बसे. राणीच्या चित्राखाली ‘एस्. एफ्.’ ही दोन अक्षरे आहेत. ती ग्युन्ट्सबुर्ग येथील टाकसाळीच्या श्योब्ल व फाबी या अधिकाऱ्यांच्या नावांची आद्याक्षरे होत.

मारिया थेरेसा २९ नोव्हेंबर १७८० रोजी मरण पावली. राजा बदलला की नाणे बदलावयाचे, हा सर्वसाधारण संकेत. परंतु तांबड्या समुद्राच्या दोन्ही तीरांवर, अरबस्तानात व इथिओपियात, हे नाणे कॉफी आणि इतर मालाच्या व्यापारात इतके रुळले होते की तेथील व्यापारी दुसरे नाणे घेण्यास राजी नसत. अरबी भाषिकांनी त्यास आपली नावेही दिली होती. ‘अबू नुक्ता’ म्हणजे ठिपक्यांचे नाणे; राणीच्या वस्त्रावरील पदकात जे मोत्यांचे ठिपके दिसतात, त्यांवरून हे नाव पडले. ‘रियाल नम्सावी’ म्हणजे ऑस्ट्रियाचा रियाल. यातील ‘नम्सा’ हा शब्द स्लाव भाषांतील ज्या मुळापासून आला, त्याचा अर्थ मुका, म्हणजे ज्याची बोली आपणांस कळत नाही असा, हे भाषाभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. ज्यांना मुद्रालेखातील लॅटिनचे एक अक्षरही वाचता येत नव्हते, त्यांनी नाण्याची पारख चित्रावरून केली. ठिपका कमी-अधिक दिसला की नाणे नाकारले जाई. यास्तव ठशात तिळमात्र फरक न करता, साल १७८० असेच ठेवून, नाणी पाडीत राहणे टाकसाळीस भाग पडले. ऑस्ट्रियातील चलन म्हणून या नाण्याची मान्यता १८५८ मध्ये संपली. व्यापारी नाणे म्हणून मात्र ते चालूच राहिले. इथिओपियाचा सम्राट मेनेलिक याने १८९४ पासून स्वतःच्या मुद्रेची नाणी काढली. तरी थालरास तो बाजारातून हटवू शकला नाही.

पुढचा इतिहास अधिकच उद्बोधक आहे. १९३५ मध्ये इथिओपियावर स्वारी करण्यापूर्वी इटलीने हे नाणे पाडण्याचा हक्क ऑस्ट्रियाकडून मिळविला, आणि रोमच्या टाकसाळीत थालर पडू लागले. व्यापाराची नाडी इटलीच्या हाती जाऊ नये म्हणून ब्रिटनने १९३६ पासून ते लंडन येथे पाडण्यास आरंभ केला; पॅरिस व ब्रुसेल्स येथेही ते निघाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४०-४१ मध्ये, हे काम मुंबईच्या टाकसाळीकडे आले. म्हणजे फोर्ट विभागात विसाव्या शतकात पाडलेल्या नाण्यावर अठराव्या शतकातील राणीचे चित्र, १७८० हे साल, आणि केव्हाच बंद पडलेल्या टाकसाळीतील दोन मृत अधिकाऱ्यांची आद्याक्षरे! व्हिएन्ना येथे हे नाणे आजही पाडले जाते.

हा प्रकार अपवादात्मक मानण्याचे कारण नाही. बंगालमध्ये सिक्का रुपया जसजसा जुना होई तसतसा सराफ त्यावर बट्टा कापीत. नाण्यात चांदी तेवढीच, परंतु साल जुने म्हणून मोल कमी. ‘नावाला बट्टा लागणे’ या आपल्या वाक्प्रचारात याच सराफी व्यवहारातील शब्द टिकून राहिला आहे. हा उपद्रव मोडण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने शाह आलम याच्या १९ व्या राज्यवर्षाचाच आकडा रुपयांवर कायम केला. शाह आलम १८०६ मध्ये मरण पावला, तरी त्याच्या नावाचे रुपये १८३५ च्या नव्या नाणेपद्धतीपर्यंत निघत राहिले. तुर्कस्तानच्या नाण्यांची रीत आणखी निराळी. सुलतान अब्दुल हमीद दुसरा याच्या नाण्यांवर त्याच्या राज्यारोहणाचे हिजरी १२९३ (इ. स. १८७६) हे साल सतत असते, आणि राज्यवर्षाचा आकडा वेगळा दिलेला असतो. १२९३ व २५ असे दोन आकडे दिसल्यास नाणे हिजरी १३१७ चे, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चे ठरते. जो केवळ पहिला आकडा वाचील त्याची चूक सुमारे चोवीस वर्षांची होईल.

या उदाहरणांवरून एक नियम काढता येतो. नाण्यावरील साल हे नाण्याच्या काळाची केवळ अलीकडील पहिली मर्यादा सांगते. नाणे त्यापूर्वीचे नाही एवढेच त्यावरून ठरते. एखाद्या ठेव्यात १७८० चा थालर सापडला म्हणून तो ठेवा त्याच सुमारास पुरला गेला असे म्हणता येणार नाही. तो त्यानंतर शंभर-दीडशे वर्षांनीही पुरलेला असू शकेल.

ओळख पटविण्याचा क्रमही याच नियमास धरून असावा. प्रथम वजन, व्यास व धातू पाहावेत. थालराचे वजन सुमारे २८.०७ ग्रॅम, व्यास सुमारे ४० मिलिमीटर आणि चांदी हजारी ८३३ कसाची असते. त्यानंतर कड तपासावी, कारण ओतून केलेल्या खोट्या नाण्यात कडेवरील अक्षरे बहुधा दगा देतात. मुद्रालेख वाचून झाल्यावर अखेरीस पदकातील मोती, गरुडाच्या शेपटीची पिसे, कडेवरील नक्षी असे सूक्ष्म भेद लावून टाकसाळ ठरवावी. हे काम पाठभेद लावण्यासारखेच आहे. क्राउझे व मिश्लर यांच्या १९७२ पासून निघालेल्या सूचीचे क्रमांक व्यवहारात रूढ आहेत. परंतु सूचीतील क्रमांक हा परीक्षणाचा शेवट असावा, आरंभ नसावा.

देवघेवीत या विवेकास नैतिक महत्त्वही येते. अधिकृत टाकसाळीने जुन्या ठशाने पाडलेले नाणे खोटे नव्हे. परंतु ते १७८० चे म्हणून विकणे खोटेपणाचे होय. अलीकडच्या थालराची किंमत मुख्यतः त्यातील सव्वातेवीस ग्रॅमांहून थोड्या अधिक शुद्ध चांदीची. आरंभीच्या ग्युन्ट्सबुर्ग प्रतीची किंमत तिच्या दुर्मिळतेची. विक्रेत्याने ‘साल १७८०’ एवढेच म्हटले तर तो खोटे बोलत नाही, आणि खरेही सांगत नाही. यास्तव टाकसाळ व मुद्रणकाल यांविषयी लेखी विधान मागणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे. भारतातील संग्राहकाने हेही लक्षात ठेवावे की १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तूंत मोडतात व खाजगी व्यक्तीस ती परदेशी पाठविता येत नाहीत. म्हणजे नाण्याचे खरे वय ठरविणे हा केवळ कुतूहलाचा प्रश्न नसून कायद्याचाही आहे. एकाच ठशाच्या दोन थालरांपैकी एक या कायद्याच्या कक्षेत येईल आणि दुसरा येणार नाही. आणि दोहोंवर साल मात्र एकच असेल.