वजूच्या वेळी बोटे आखडतात?

फजरला उठल्यावर बोटे वळत नाहीत. वजूसाठी नळ फिरवताना मनगट कळवळते. तासाभराने हात जरा मोकळे होतात, म्हणून घरातली अम्मी ‘वात असेल’ म्हणत कामाला लागते. असे महिने जातात आणि बोटे वाकडी होऊ लागतात.

हा आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस असू शकतो. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो दुपटीहून अधिक आढळतो.

लुधियान्यात १९३७ साली जन्मलेले डॉ. रविंदर मैनी लंडनमध्ये अशाच रुग्णांवर उपचार करत. केनेडी संस्थेत त्यांना मार्क फेल्डमन या संशोधकाची साथ मिळाली. सुजलेल्या सांध्यात दाह भडकवणारे अनेक रेणू असतात; त्यांतल्या एकालाच अडवून काय होणार, अशी शंका होती. दोघांच्या चमूने रुग्णांच्या सांध्यांतील पेशी घेऊन प्रयोगशाळेत तपासल्या. टीएनएफ हा एक रेणू अडवला की दाहाचे इतर रेणूही कमी होतात, असे दिसले.

१९९२ मध्ये चेरिंग क्रॉस रुग्णालयात पहिल्या रुग्णांना टीएनएफ अडवणारे औषध दिले गेले. सूज उतरली, सकाळचा ताठरपणा कमी झाला. मात्र काही आठवड्यांनी दुखणे परतले. औषध आजार आटोक्यात ठेवते, मुळापासून काढत नाही, हे कळले. म्हणून ते पुन्हा पुन्हा देण्याची, मेथोट्रेक्सेटची जोड देण्याची पद्धत रुळली. २००३ मध्ये दोघांना मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

ही महाग इंजेक्शने प्रत्येकाला लागत नाहीत. बहुतेकांचा उपचार मेथोट्रेक्सेटच्या गोळ्यांनीच सुरू होतो. त्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या असतात. रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. गरोदरपणात त्या चालत नाहीत. टीएनएफचे इंजेक्शन सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी आवश्यक असते, कारण दबलेला क्षय उसळू शकतो. रमजानमध्ये औषधांच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच ठरवाव्यात.

सब्र म्हणजे दुखणे लपवणे नव्हे. इलाज करा, ही तर प्रेषितांचीच (स.) शिकवण. सांधे सुजत असतील, सकाळी बराच वेळ आखडत असतील, तर अम्मीला लवकर संधिवाततज्ज्ञांकडे न्या. एकदा झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही. दुआ करा, औषधही वेळेवर द्या. शिफा देणारा अल्लाह आहे.