कधी यजमान, कधी पाहुणे : फिजीच्या वर्गातले सण

फिजीच्या सरकारी सुट्ट्यांची यादी पाहिली की एक गोष्ट खटकते. हजरत पैगंबरांच्या (स.) जन्मदिनाची सुट्टी तिथे साऱ्या देशाला मिळते, ईदची मात्र नाही. ना रमजान ईदची, ना बकरी ईदची. प्रशांत महासागरातल्या तीनशेहून अधिक बेटांच्या या देशात मुसलमान सहा टक्क्यांच्या आसपास आहेत. मिलादला देशभर शाळा बंद, आणि ईदच्या दिवशी शेजारच्या बाकावरचा मित्र नेहमीसारखा दप्तर घेऊन निघालेला! चंद्र दिसेपर्यंत ईद उद्या की परवा हेच नक्की नसते, मग वर्गशिक्षकांना आधी कळवायचे तरी काय? त्यातून चाचणी परीक्षा त्याच आठवड्यात आली, तर घरात खल ठरलेलाच.

हा प्रश्न समजायचा तर तिथली शाळा समजून घ्यावी लागते. फिजीत शिक्षकांचा पगार सरकार देते, पण बहुतेक शाळा चालवतात त्या धार्मिक आणि सामाजिक संस्था. मेथडिस्ट चर्च, कॅथलिक मिशन, सनातन धर्म सभा, आर्य समाज, दक्षिण भारतीयांचा संगम आणि 1926 साली सुवा शहरात स्थापन झालेली फिजी मुस्लिम लीग. मात्र शाळेच्या पाटीवर ज्या धर्माचे नाव, त्याच धर्माची मुले आत असतील असे नाही. मुस्लिम लीगच्या शाळेत हिंदू मुले आहेत, मूळ फिजियन म्हणजे इताउकेई ख्रिस्ती मुलेही आहेत. मुसलमान मुले कॅथलिक शाळेत जातात. घरापासून जवळ कोणती आणि निकाल कुणाचा चांगला, एवढेच बघून आईबाप शाळा निवडतात. आपण तरी वेगळे काय करतो?

त्यामुळे एका वर्षात एकच मूल कधी यजमान असते, कधी पाहुणे. दिवाळीच्या आधी शाळेत कार्यक्रम होतो तेव्हा इताउकेई बाई साडी किंवा सलवार-कमीज घालून येतात, मुलांच्या हातावर मेंदी चढते, डब्यांतून मिठाई फिरते. 10 ऑक्टोबरला फिजी दिन. त्या दिवशी आकाशी रंगाचे झेंडे, कमरेला सुलू, गळ्यात फुलांची सालुसालू आणि मेके हा टाळ्या-गाण्यांचा पारंपरिक नाच. शाळेचे वर्ष डिसेंबरच्या सुरुवातीला संपते, म्हणून नाताळ सुट्टीत जातो आणि त्याची गाणी वर्षअखेरच्या बक्षीस समारंभातच उरकली जातात. मिलादच्या सुमारास मुस्लिम शाळांत नात, किराअत, भाषणे. तिथे यजमान आपण.

आता अडचणीची गोष्ट, म्हणजे जेवण. मोठ्या समारंभाला लोवो लागतो. जमिनीत खड्डा खणून दगड तापवायचे, त्यावर पानांत गुंडाळलेले मांस आणि कंद रचायचे, वरून पाने आणि माती टाकून तासन्‌तास शिजू द्यायचे. खड्डा एकच, त्यात डुकराचे मांस आणि कोंबडी शेजारी शेजारी. मुसलमान घराला ते चालत नाही, शाकाहारी हिंदू घरालाही नाही. म्हणून जिथे विचारपूस असते तिथे वेगळा खड्डा होतो, किंवा आपले मांस आपण आणतो. पण सोबतचे पदार्थ पाहिले तर कोकणातल्या गृहिणीला हसू येईल. दालो म्हणजे अळूचा कंद. पालुसामी म्हणजे अळूची पाने आणि नारळाचे घट्ट दूध. कसावा म्हणजे ज्याच्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद. फक्त एवढेच विचारून घ्यायचे, की पालुसामीत डब्यातले गोमांस घातले आहे का आणि ते हलाल आहे का.

दुसरा प्रश्न यंगोनाचा. एका झाडाच्या मुळाची पूड पाण्यात कालवून करतात ते हे पेय. त्याने जीभ बधिर होते आणि अंग सैलावते. ही दारू नव्हे, पण पाहुण्याचे रीतसर स्वागत त्याच्याशिवाय होत नाही. मुलांना ते देत नाहीत. पेच पडतो तो समारंभाला आलेल्या पालकांना. फिजीतल्या मुसलमानांचेही याबाबत एकमत नाही. कुणी घेतात, कुणी हात जोडून नम्रपणे नको म्हणतात. मला वाटते, मुलाला नकाराची ही अदब दिसणे महत्त्वाचे आहे. तोंड वाकडे करून नाकारणे वेगळे आणि बसल्या जागी आदर राखून नाकारणे वेगळे.

आणि पूजा-प्रार्थनेचे काय? इथे 2013 ची राज्यघटना कामी येते. तिच्या 22 व्या कलमानुसार, शाळेत जाणाऱ्या मुलाला आपल्या धर्माबाहेरचे धार्मिक शिक्षण किंवा धार्मिक विधी पालकांच्या संमतीशिवाय सक्तीचा करता येत नाही. म्हणजे मिठाई, मेंदी, नाच यांत सामील व्हावे आणि आरती किंवा चर्चच्या प्रार्थनेच्या वेळी बाजूला बसावे, ही मोकळीक कायद्यानेच दिली आहे. ती दोन्ही बाजूंनी लागू आहे. मुस्लिम शाळेतल्या इताउकेई मुलाला इस्लामी प्रार्थनेत उभे करता येत नाही, हे तिथल्या व्यवस्थापनालाही ध्यानात ठेवावे लागते. सवलत मागताना आपण जितके जागरूक असतो, तितके देताना असतो का, हे एकदा प्रत्येकाने स्वतःला विचारायला हरकत नाही. त्याच घटनेने प्राथमिक शाळांत इताउकेई आणि फिजी हिंदी या दोन्ही बोलीभाषा सक्तीच्या केल्या. मुस्लिम शाळांतली उर्दू त्याशिवाय वेगळी.

हे सारे सुखासुखी घडले नाही. 14 मे 1879 रोजी लिओनिडास जहाज गिरमिटिया मजुरांना घेऊन तिथे पोहोचले. 1916 पर्यंत साठ हजारांवर लोक उसाच्या मळ्यांवर आले. बहुतेक उत्तर भारतातले, काही दक्षिणेतले. त्यांत मलबारचे मुसलमानही होते, आपल्या कोकणी मुसलमानांसारखेच शाफई. मळ्यांवर सुट्टी क्वचितच मिळे आणि तेव्हाचा सर्वांत मोठा सार्वजनिक सण होता मोहरमचा ताजिया. त्यात हिंदू मजूरही सामील होत. पुढे ज्याची त्याची धर्मसंस्था उभी राहिली, शाळा निघाल्या आणि ताजिया मागे पडला. दीनच्या दृष्टीने त्याबद्दल ज्याचे जे मत असेल ते असो, पण त्या माणसांना एकत्र बसायला मिळालेला तो मोठा दिवस होता.

मग 1987 चे लष्करी उठाव, 2000 चे बंड. भारतीय वंशाची हजारो कुटुंबे, हिंदू आणि मुसलमान, देश सोडून गेली. भरलेल्या वर्गांतले बाक रिकामे झाले. 2023 साली गिरमिट दिनाची सुट्टी पहिल्यांदा मिळाली. त्याच मे महिन्यात, 1987 चे उठाव करणारे आणि आता पंतप्रधान असलेले सितिवेनी राबुका यांनी जाहीर माफी मागितली. मेथडिस्ट चर्चनेही मागितली. शाळेतल्या मुलांना त्या दिवशी प्रथमच पणजोबांची गोष्ट सरकारी कॅलेंडरात सापडली.

गेलेल्यांतली बरीच कुटुंबे न्यूझीलंडच्या ऑकलंडला स्थिरावली. तिथल्या शाळांत समोआ, टोंगा, फिजी अशा भाषांचे आठवडे साजरे होतात आणि 1976 पासून चालत आलेला पॉलिफेस्ट हा शाळकरी मुलांचा मोठा नृत्यमहोत्सव भरतो. पण जनगणनेच्या वर्गवारीत फिजी इंडियन माणूस प्रशांत बेटांच्या गटात नाही, ‘आशियाई’ गटात मोडतो. पणजोबा फिजीत पुरलेले, आजी पालुसामी रांधणारी, घरची बोली फिजी हिंदी, आणि वर्गात ‘बेटांवरची मुले इकडे या’ म्हटले की आपण जायचे की नाही, हे मुलीला कळत नाही. काही आया तिला फिजी सप्ताहात सुलू नेसवून पाठवतात. आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी डबाभर शेवया देतात, वर्गातल्या सगळ्यांना पुरतील इतक्या.