खांद्यावरचं दुकान

छत्रपती संभाजीनगरात हिमरू शालीचा पत्ता कुणीही सांगेल. घोंगडी कुठे मिळेल असं विचारलं की समोरचा आधी आपल्याकडे नीट बघतो, मग म्हणतो, "चंपाषष्ठीला साताऱ्याच्या खंडोबाला जाऊन बघा." हा सातारा म्हणजे शहराला लागून असलेलं गाव, जिल्हा नव्हे.

घोंगडीला शटर लागत नाही. विणणाराच खांद्यावर घड्या टाकून यात्रेत उभा राहतो आणि तेच त्याचं दुकान. या दुकानाचा खरा मुलूख मात्र लांबचा : माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत. सह्याद्रीनं अडवलेल्या पावसातून वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पदरात पडतो, त्याचाही भरवसा नाही. तिथं शेतीपेक्षा मेंढरू इमानी. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'मुळे (१९५५) हा माळ आपण वाचलेला असतो; पांघरलेला फार थोड्यांनी.

दख्खनी मेंढी वर्षाकाठी किलोभरही लोकर देत नाही. देते तीही जाडीभरडी, काळी नाहीतर करडी. स्वेटरवाल्यांनी नाक मुरडावं अशी. पण घोंगडीला हीच लागते, आणि रंगवायचीही गरज नसते. लोकर धनगराची, माग सनगराचा. सनगराच्या घरात रिकामा हात नसायचा. लोकर पिंजायची, चरख्यावर सूत काढायचं, हे बहुतेक बायकांचं. मग उघड्यावर ताणा पसरायचा, चिंचोके भिजवून-वाटून शिजवलेली खळ त्याला लावायची, कुंचीनं सारखी करायची आणि वाळू द्यायची. खळीनं सूत ताठ होतं, मागावर तुटत नाही. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, म्हणून तो खड्डीमाग. नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी कडक लागते ती या खळीमुळे. टोचते म्हणून परत करणारं गिऱ्हाईक चार धुण्यांइतकाही धीर धरत नाही.

लोकरीतल्या तेलकटपणामुळे पावसाची सर वरूनच ओघळते. म्हणून मेंढका घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतो. पण एकदा का ती पुरती भिजली की उचलवत नाही आणि लवकर वाळतही नाही. कचेरीतल्या रखडलेल्या फायलीला आपण 'भिजत घोंगडं' म्हणतो ते उगाच नाही.

आता धंद्याचंच घोंगडं भिजत पडलंय. दोष यंत्रमागाला देण्याची पद्धत आहे. मला तो अर्धाच पटतो. मुळात मेंढीच बदलली. जत तालुक्यातल्या माडग्याळची उंच मेंढी झपाट्यानं वजन धरते, लोकर मात्र जेमतेम. मटणाला भाव आहे, लोकरीला नाही. धनगरानं हिशेब केला तर त्यात चूक काय? पण कळपातली दख्खनी कमी झाली की सनगराच्या घरातला चरखा आपोआप थांबतो. खंडोबाच्या जागरणाला चौक भरायला घोंगडी लागते, पूजेला लागते, तेवढ्यावर घर चालत नाही.

मी स्वतः एकदा फसलोय. यात्रेत काळीभोर, मऊ, हलकी आणि स्वस्त घोंगडी घेतली. घरी निघालेला धागा काडीनं पेटवला तर वितळून त्याची टणक गोळी झाली. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरगळते.

तेव्हा घेण्याआधी कडेचा एक धागा मागा. विणणारा असेल तर स्वतःच काडी ओढून दाखवेल. आणि आणल्यावर कडुनिंबाचा वाळला पाला घालून घडी ठेवा, कसर लागते.