हौशी धावणे

हौशी धावणे म्हणजे स्पर्धा जिंकणे किंवा निवड चाचणी उत्तीर्ण होणे हा हेतू न ठेवता, आरोग्य व आनंद यांसाठी नियमितपणे केलेले धावणे होय. यात वेग व अंतर यांपेक्षा सातत्याला अधिक महत्त्व असते.

पार्श्वभूमी

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ऑकलंड शहरात सामान्य नागरिकांचे संथ धावण्याचे गट सुरू झाले. तेथून ही प्रथा अमेरिकेत व इतरत्र पोहोचली. महाराष्ट्रात १९८३ साली पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन व २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली. या स्पर्धांमध्ये हौशी धावपटूही भाग घेतात.

ग्रामीण भागात धावण्याची सुरुवात अनेकदा पोलीस भरतीच्या तयारीतून होते. या भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते आणि लागलेल्या वेळेनुसार गुण मिळतात. त्यामुळे सरावाचा भर वेगावर राहतो. चाचणीची तारीख हेच धावण्याचे एकमेव कारण असल्यास ती उलटल्यावर सराव थांबण्याचा संभव असतो.

सवयीची घडण

ठरावीक वेळी, ठरावीक प्रसंगाला जोडून केलेली कृती हळूहळू अंगवळणी पडते. लंडनमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी कृती सहजपणे होऊ लागण्यास लागलेला मध्यक कालावधी ६६ दिवस होता. व्यक्तीनुसार तो १८ ते २५४ दिवस असा बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने सवयीच्या घडणीत विशेष बाधा आली नाही. त्यामुळे खंड पडल्यास सराव सोडून न देता पुढील ठरलेल्या दिवशी तो पुन्हा सुरू करणे महत्त्वाचे ठरते.

वेग व अंतर

नवशिक्याने आठवड्यातून तीन दिवस, मध्ये विश्रांतीचा दिवस ठेवून, आलटून पालटून चालणे व धावणे सोयीचे ठरते. धावताना पूर्ण वाक्य बोलता येणे ही योग्य वेगाची सोपी खूण आहे. हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात. हाडे व स्नायुबंध यांना मात्र अधिक काळ लागतो. दम टिकू लागला म्हणून अंतर एकदम वाढवल्यास नडगी, गुडघा किंवा टाच दुखू लागते. वेग व अंतर एकाच वेळी वाढवणे टाळावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र व्यायाम पुरेसा आहे. पंचवीस मिनिटांचे धावणे तीनदा झाल्यास तीव्र व्यायामाची किमान मर्यादा पूर्ण होते.

हवामान व दिनक्रम

सराव टिकण्यासाठी तो स्थानिक ऋतुमान व कामाशी जुळणारा असावा लागतो. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हे कोसा विणकामासाठी ओळखले जाणारे गाव असून हा परिसर धानपट्ट्यात येतो. हातमागावर दिवसभर बसून काम करणाऱ्यास धावण्याने आवश्यक हालचाल मिळते; याउलट रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम करणाऱ्याचे शरीर आधीच थकलेले असते. अशा वेळी धावणे कमी करून आठवड्यातून एखाद्या दिवसापुरते ठेवल्यासही सवयीचा धागा तुटत नाही.

पूर्व विदर्भात मे महिन्यात, विशेषतः नवतपाच्या काळात, पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. त्यामुळे उन्हाळ्यात सूर्योदयाच्या सुमारास, कमी अंतर व मंद गतीने धावणे सुरक्षित असते. पावसाळ्यात निसरडे रस्ते व साप यांचा धोका लक्षात घेऊन उजाडल्यावरच धावणे इष्ट असते.

सावधगिरी

छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा हाडाच्या एकाच जागी वाढत जाणारी वेदना जाणवल्यास धावणे तत्काळ थांबवून वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांनी सरावाच्या प्रारंभापूर्वीच असा सल्ला घ्यावा.