काळी केळी टाकू नका

साल काळी पडली की केळे नासले, असे समजून ते टाकून देणारी घरे भिवंडीत पुष्कळ आहेत. माझेही त्यातलेच. वास्तविक केळे पिकताना त्यातील पिष्टाची साखर होते. ठिपके पडलेले केळे केकसाठी उत्तमच. बुरशी किंवा आंबूस वास आला तरच टाकावे.

रविवारी सहा वर्षांच्या नातवाने तीन केळी कुस्करली. त्यात अर्धी वाटी गूळ, अर्धी वाटी दही, पाव वाटी तेल, दीड वाटी कणीक आणि शेवटी अर्धा चमचा खाण्याचा सोडा. दह्याच्या आंबटपणाने सोड्यातून वायू सुटतो, म्हणून मिश्रण लगेच तूप लावलेल्या डब्यात ओतून, तापलेल्या जाड कढईत झाकून मंद आचेवर पाऊण तास ठेवावे. कच्चे पीठ मुलांना चाटू देऊ नये.

माझी नजर चुकली आणि नातवाने कढईला बोट लावलेच! आजी टूथपेस्ट घेऊन धावली. मी ती अडवली, बोट वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरले. बर्फ, हळद, शाई काहीही नको. फोड मोठा असेल, किंवा चेहरा वा हाताचा पंजा भाजला असेल, तर डॉक्टरांकडे न्यावे.

फोड आला नाही. पहिला तुकडा त्याने डाव्या हाताने खाल्ला. मला मधुमेह, आणि गूळ म्हणजे साखरच. मी चतकोरावर भागवले.